बीसीएम बदलण्याआधी: गाडीतला इलेक्ट्रिकल बिघाड क्रमाने कसा शोधायचा

वायपर काचेच्या मध्यावर थांबतात. सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा उघडतं. एका बाजूचा इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतो. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांतच निकाल लागतो: "बीसीएम गेलं." नवं मॉड्यूल मागवलं जातं, बसवलं जातं आणि मूळ तक्रार जागच्या जागी राहते. कोडिंग (नव्या मॉड्यूलला गाडीप्रमाणे सेट करणं) अर्धवट झालेलं असेल तर दोन नव्या तक्रारींची त्यात भर पडते.

बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम, मुळात तीन कामं करतं. स्विच आणि सेन्सरकडून माहिती घेतं, त्यावरून काय करायचं ते ठरवतं आणि दिवे, मोटर, रिले (विजेवर चालणारे स्विच) यांना करंट देतं किंवा तोडतं. हे करताना कॅन आणि लिन या नेटवर्कवरून ते इतर मॉड्यूलशी बोलतही असतं. त्यामुळे ते बिघडल्यासारखं दिसण्यामागे पाच जागा असू शकतात: सप्लाय, अर्थ (करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जाण्याची वाट), इनपुट, आउटपुट आणि नेटवर्क. या पाचही जागा मोजून निर्दोष ठरल्या, तरच मॉड्यूलवर संशय घ्यायचा. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा गाळला, तर त्यानंतर घेतलेल्या मोजमापांवर भरवसा ठेवता येत नाही.

तयारी

सगळ्यात आधी वायरिंग डायग्राम मिळवा. तो त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा आणि त्याच व्हेरियंटचा हवा. एकाच मॉडेलच्या वरच्या आणि खालच्या व्हेरियंटमध्ये बीसीएमच्या पिना वेगळ्या असू शकतात. कोणती पिन कशाची आहे हे माहीत नसताना प्रोब लावत बसलात, तर वेळ वाया जाईल आणि वर चांगलं मॉड्यूल जळण्याचा धोकाही असतो. डायग्राम हातात येईपर्यंत डॅशबोर्ड उघडू नका.

बाकी साहित्य असं लागेल:

- चांगला डिजिटल मल्टिमीटर, शक्यतो मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त रीडिंग) नोंदवणारा
- २१ वॅटचा साधा बल्ब, त्याला दोन वायरी आणि क्लिपा जोडून
- एलईडीचा टेस्ट लॅम्प
- कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) मागून घालता येतील अशा बारीक बॅक-प्रोब पिना
- बीसीएमपर्यंत पोहोचणारा, लाइव्ह डेटा (मॉड्यूलला त्या क्षणी मिळणारी माहिती) दाखवणारा आणि अ‍ॅक्टिव्ह टेस्ट (स्कॅनरवरून दिवा-मोटर चालवून बघणं) करू देणारा स्कॅनर
- बॅटरी चार्जर

फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्वस्तातला रीडर या कामाला पुरत नाही. अशा रीडरवर "कोड नाही" असं दिसलं, तर त्याचा अर्थ इंजिनचा कोड नाही एवढाच घ्यायचा. बीसीएमला त्याने विचारलेलंच नसतं.

सावधान: पिवळे कपलर आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटर, बल्ब, टेस्ट लॅम्प यातलं काहीही लावू नका. त्यांच्या जवळ काम करायचं असेल तर बॅटरी काढा आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबल्सपासून पूर्ण लांब राहा. हा लेख फक्त १२ व्होल्टच्या वायरिंगबद्दल आहे.

टप्पा १: तक्रार नेमकी लिहून काढा

"लाइटचा प्रॉब्लेम आहे" ही तक्रार झाली नाही. "डाव्या मागच्या दिव्यात ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो" अशी नोंद हवी. कधी होतं, पावसात की उन्हात, इंजिन चालू असताना की बंद असताना, खड्ड्यातून गेल्यावर की उभ्या गाडीत, हे सगळं लिहा. मालकाला चार गोष्टी मुद्दाम विचारा: अपघात झाला होता का, आत पाणी शिरलं होतं का, काच बदलली का, आणि बाहेरून काही बसवलंय का. जास्तीचा हॉर्न, अलार्म, एलईडी बल्ब, म्युझिक सिस्टीम, ट्रॅकर, कॅमेरा अशी एखादी वस्तू निघाली, तर तिच्या वायरी कुठे जोडल्या आहेत हे सगळ्यात आधी बघा.

मग बंद पडलेल्या आणि चालू असलेल्या गोष्टींच्या दोन याद्या करा आणि डायग्रामवर बंद गोष्टींमधलं समान काय ते शोधा. ड्रायव्हरच्या दाराची काच, आरसा आणि लॉक एकदमच बंद असेल, तर संशय दाराकडे जाणाऱ्या वायरींवर घ्या. एकाच मागच्या दिव्यातले सगळे बल्ब विचित्र वागत असतील, तर त्या दिव्याचा अर्थ बघा. एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकाच वेळी बिघडत असतील, तर बॅटरी, मुख्य अर्थ किंवा बीसीएमचा सप्लाय तपासायचा. डायग्रामसमोर घालवलेला हा अर्धा तास पुढची बरीच खोलाखोल वाचवतो.

टप्पा २: आधी बॅटरी

स्कॅनर लावायच्या आधी बॅटरी मोजा. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास रीडिंग आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, आणि १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. संगणक-नियंत्रित चार्जिंग असलेल्या गाड्यांत हा आकडा अधूनमधून मुद्दाम खाली आणला जातो, त्यामुळे एका रीडिंगवरून अल्टरनेटरला दोष देऊ नका. हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून पुन्हा बघा.

स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. या क्षणिक घसरणीत मॉड्यूल रीसेट होतात, एकमेकांशी संपर्क तुटल्याचे कोड नोंदवतात आणि नंतर पुन्हा नीट चालू लागतात. काही गाड्यांत व्होल्टेज कमी झालं की बीसीएम स्वतःहूनच काच गरम करणं, सीट गरम करणं असे जड लोड (जास्त करंट ओढणारी उपकरणं) बंद करतं. तो बिघाड नसतो.

खात्री: बॅटरी पूर्ण चार्ज केली, टर्मिनल घासून घट्ट केले आणि तक्रार अजून तशीच आहे? असेल तरच पुढे जा.

टप्पा ३: स्कॅन करा, पण कोड पुसायची घाई नको

गाडीतली सगळी मॉड्यूल स्कॅन करा, फक्त बीसीएम नाही. आलेले कोड तारीख-वेळेसह साठवून ठेवा किंवा फोटो काढा. न साठवता पुसलेला कोड परत येईलच याची खात्री नसते, आणि कधीमधी होणाऱ्या बिघाडात तोच एकमेव पुरावा असू शकतो.

कोडचं पहिलं अक्षर तो कोणत्या भागाचा आहे ते सांगतं: पी इंजिन-गिअरबॉक्सचा, सी चासीचा, बी बॉडीचा आणि यू नेटवर्कचा. यातला यू०१४० हा कोड फार वेळा चुकीचा वाचला जातो. त्याचा अर्थ बीसीएमशी संपर्क तुटला एवढाच आहे, आणि तो नोंदवलेला असतो दुसऱ्याच कोणत्या तरी मॉड्यूलने. बीसीएमचा सप्लाय क्षणभर गेला, अर्थ सुटला, वायर तुटली किंवा बॅटरी पार उतरली, तरी हाच कोड येतो. बीसीएम जळालंय असं तो सांगत नाही. स्कॅनर या क्षणी बीसीएमशी बोलू शकत असेल, तर त्याचा मेंदू जिवंत आहे आणि निदान एक सप्लाय, एक अर्थ आणि नेटवर्क शाबूत आहे, एवढं तरी तुम्हाला कळलं.

बी कोडमध्ये बहुतेक वेळा सर्किट ओपन (तुटलेलं) आहे, अर्थला शॉर्ट (थेट चिकटलेलं) आहे की बॅटरीला शॉर्ट आहे, हेही दिलेलं असतं. तो भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळं साठवल्यावर कोड पुसा, तक्रार पुन्हा घडवून आणा आणि परत स्कॅन करा. आता आलेले कोड आजचे असतात.

एक गोष्ट इथे ध्यानात ठेवायला हवी. काही गाड्यांत एखाद्या आउटपुटला वारंवार शॉर्ट मिळाला, तर बीसीएम ते आउटपुट कायमचं बंद ठेवतं. वायर दुरुस्त केली तरी मॅन्युअलमधल्या पद्धतीने तो दोष पुसेपर्यंत दिवा लागत नाही. मग वायर ठीक असूनही दिवा का लागत नाही म्हणून मॉड्यूल बदललं जातं.

टप्पा ४: फ्यूज आणि रिले

फ्यूज काढून डोळ्यांनी बघण्यावर थांबू नका. सर्किट चालू ठेवून फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांवर व्होल्टेज बघा. दोन्हीकडे बॅटरीइतकं आलं तर फ्यूज ठीक. बीसीएमला एकच फ्यूज नसतो. दिव्यांना वेगळा, लॉकिंगला वेगळा, मॉड्यूलच्या मेंदूला वेगळा असे अनेक सप्लाय असतात. त्यातला एक गेला की बीसीएम अर्धवट चालतं आणि मॉड्यूलच बिघडल्यासारखं वाटतं. डायग्राममधून सगळ्या फ्यूजांची यादी काढा आणि एकही सोडू नका.

फ्यूज उडालेला असेल तर नवा टाकून मोकळं होऊ नका. मोठ्या अँपिअरचा तर कधीच टाकू नका, नाहीतर फ्यूजऐवजी वायर जळते. उडालेल्या फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा आणि त्या सर्किटवरचे सगळे दिवे-मोटर बंद करा किंवा त्यांचे कपलर सोडवा. बल्ब लखलखीत पेटलेला राहिला, तर शॉर्ट अजून आहे. आता हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) मधले कपलर एकेक करून सोडवत जा. ज्या कपलरला बल्ब विझला, त्याच्या पलीकडे शॉर्ट आहे. बल्ब करंट मर्यादित ठेवतो, त्यामुळे वायर जळत नाही आणि फ्यूजचा डबाही रिकामा होत नाही. एअरबॅगच्या फ्यूजवर मात्र ही पद्धत वापरू नका.

रिलेची शंका असेल तर तोच क्रमांक असलेला शेजारचा रिले अदलाबदल करून बघा.

टप्पा ५: सप्लाय आणि अर्थ, लोड चालू ठेवून

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

कपलर काढायचा, सप्लायच्या पिनेवर मीटर लावायचा, १२.६ दिसलं की "सप्लाय ठीक" म्हणायचं, ही सर्रास वापरली जाणारी पद्धत चुकीची आहे. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल, तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. गंजामुळे वायरमध्ये २ ओहम जास्तीचा रोध आला आहे असं धरा. पेटलेल्या २१ वॅट बल्बचा रोध साधारण ७ ओहम असतो. १२.६ व्होल्टला ९ ओहमने भागलं की १.४ अँपिअर करंट येतो, म्हणजे २ ओहमच्या गंजातच २.८ व्होल्ट खर्च होतात. दिव्यापर्यंत १० व्होल्टही पोहोचत नाहीत. त्याच वायरीवर नुसता मीटर लावलात तर त्याला पूर्ण १२.६ दिसेल. म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना वायरीत किती व्होल्ट खर्च होतात ते, म्हणजे व्होल्टेज ड्रॉप.

पद्धत अशी. बीसीएमचे सगळे कपलर लावलेले राहू द्या. तक्रार असलेला लोड चालू करा.

१. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या प्लस खांबावर लावा, टर्मिनलच्या क्लिपवर नाही. काळा प्रोब बीसीएमच्या सप्लाय पिनेला मागून लावा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत रीडिंग चालेल. ०.५ च्या वर गेलं तर वाटेत कुठेतरी रोध आहे.

२. आता काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर आणि लाल प्रोब बीसीएमच्या अर्थ पिनेला मागून लावा. ०.१ च्या आत असावं. ०.२ च्या वर गेलं तर अर्थ खराब समजा.

३. ड्रॉप जास्त निघाला तर प्रोब वाटेत मागे आणत जा: फ्यूजची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू, मधला कपलर. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम उडी मारतो, तिथे बिघाड आहे.

४. बीसीएमला सहसा एकाहून जास्त अर्थ असतात, मेंदूचा वेगळा आणि दिवे-मोटरसारख्या जड लोडचा वेगळा. प्रत्येक पिन मोजा.

अर्थ खराब निघाला तर बोल्ट नुसता आवळून भागत नाही. तो काढा, रिंग टर्मिनल आणि बॉडीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि वरून गंजरोधक लावा. अपघातानंतर रंगवलेल्या गाडीत अर्थच्या जागेवरही रंग बसलेला सापडतो. खराब अर्थची ठळक खूण म्हणजे करंट भलत्याच वाटेने परत फिरतो: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेल लॅम्प लुकलुकतो. हे दिसलं तर बीसीएमकडे बघायच्या आधी त्या दिव्याच्या अर्थची वायर बघा.

सावधान: जाड प्रोब कपलरच्या मादी पिनेत खुपसू नका. पिन पसरते आणि मूळ बिघाड सापडला तरी तुम्ही नवा सैल जोड तयार करून ठेवलेला असतो. वायरीचं आवरण टोचूनही मोजू नका, त्या भोकातून पाणी शिरतं.

खात्री: मीटर मिन-मॅक्सवर ठेवून हार्नेस हलवा, अर्थ बोल्टजवळच्या वायरी वाकवा. आकडा उसळला तर बिघाड तिथेच आहे.

टप्पा ६: कपलर, पाणी आणि दाराचं रबर

बीसीएम बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली, पायाजवळच्या पॅनलमागे किंवा ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतं, म्हणजे नेमकं गळणारं पाणी उतरतं तिथे. पुढच्या काचेखालच्या जाळीचा निचरा पाल्याने तुंबला, सनरूफच्या नळ्या तुंबल्या किंवा नवी काच बसवताना चिकटवण्यात फट राहिली, तर पाणी थेट हार्नेसवर येतं. कार्पेट हाताने दाबून ओल बघा. कपलर काढून पिनांवर पांढरी किंवा हिरवी भुकटी, मागे सरकलेली पिन, काळवंडलेलं प्लास्टिक दिसतं का ते टॉर्चने बघा. पाणी वायरीच्या तारांमधून लांबवर चढतं, त्यामुळे ओलं ठिकाण आणि गंजलेली पिन यांत बरंच अंतर असू शकतं. पिना स्वच्छ करण्याआधी गळती बंद करा.

दार आणि डिकी उघड-बंद होताना वाकणाऱ्या रबरी नळ्या तर प्रत्येक गाडीत उघडून बघाव्यात. आत वायरीचं आवरण शाबूत दिसतं आणि तांबं मात्र तुटलेलं असतं. प्रत्येक वायर हलकेच ओढा. जी रबरासारखी ताणली जाते, ती आतून तुटलेली आहे. जोडताना वायरीला थोडी लांबी वाढवून द्या. वाकणाऱ्या जागी डाग दिला (सोल्डर केलं) तर वायर कडक होते आणि डागाच्या कडेला पुन्हा तुटते, म्हणून तिथे सीलबंद क्रिंप (दाबून बसवलेला) जोड वापरा.

टप्पा ७: बिघाड इनपुटला आहे की आउटपुटला?

सप्लाय, अर्थ आणि कपलर ठीक निघाले की स्कॅनर पुन्हा हातात घ्या. आता दोनच प्रश्न विचारायचे आहेत.

पहिला: बीसीएमला स्विच दाबलेला कळतो का? लाइव्ह डेटामध्ये त्या स्विचची ओळ उघडा आणि स्विच दाबा. "बंद"चं "चालू" झालं तर स्विच, त्याची वायर आणि बीसीएमचं इनपुट ठीक आहे.

दुसरा: बीसीएमने हुकूम दिला तर काम होतं का? स्कॅनरच्या अ‍ॅक्टिव्ह टेस्टमधून तोच दिवा किंवा मोटर चालू करा.

या दोन उत्तरांवरून दिशा ठरते. स्विच कळत नाही पण अ‍ॅक्टिव्ह टेस्ट चालते, तर बिघाड इनपुटच्या बाजूला. स्विच कळतो पण अ‍ॅक्टिव्ह टेस्ट चालत नाही, तर आउटपुटच्या बाजूला. दोन्ही ठीक आणि तरी काम होत नाही, तर बीसीएम काही अटीमुळे थांबलंय किंवा कोडिंग चुकलंय. ही तिसरी शक्यता लोक विसरतात. दाराच्या लॉकमधला स्विच खराब होऊन बंद दार "उघडं" दाखवत असेल, तर आतला दिवा विझत नाही, ऑटो लॉक होत नाही आणि बॅटरीही उतरते. तीनही तक्रारींत बीसीएम त्याला मिळालेल्या माहितीप्रमाणे बरोबरच वागत असतं. म्हणून लाइव्ह डेटामध्ये सगळी दारं, बॉनेट आणि डिकी यांची स्थिती आवर्जून वाचा.

इनपुट तपासताना: बऱ्याच स्विचमध्ये बीसीएम स्वतः वायरीवर ५ किंवा १२ व्होल्ट ठेवतं आणि स्विच दाबला की ती वायर अर्थला जोडली जाते. दाबल्यावर व्होल्टेज शून्याजवळ यायला हवं. न दाबताच शून्य असेल तर वायर अर्थला शॉर्ट झाली असेल, स्विच अडकला असेल किंवा बीसीएमकडून येणारी वायर तुटली असेल. स्विचचा कपलर सोडवल्यावर व्होल्टेज परत आलं तर स्विच खराब. दाबूनही व्होल्टेज वरच राहिलं, तर स्विच किंवा त्याचा अर्थ ओपन आहे. वायपरचा दांडा किंवा स्टीअरिंगवरची बटणं यांत एकाच वायरीवर वेगवेगळ्या रोधांनी स्थान ओळखलं जातं. तिथे प्रत्येक स्थानाचं रीडिंग मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघावं लागतं, कारण संपर्कावर कार्बन बसला की एका स्थानाचं रीडिंग दुसऱ्यासारखं येतं.

आउटपुट तपासताना: दिव्याचा कपलर काढा, तिथे २१ वॅटचा बल्ब जोडा आणि अ‍ॅक्टिव्ह टेस्ट द्या. बल्ब नीट पेटला तर बीसीएम आणि वायर दोन्ही ठीक, दोष दिव्यात किंवा मोटरमध्ये. नाही पेटला तर तोच बल्ब चांगल्या अर्थला धरून बघा, म्हणजे दिव्याकडचा अर्थ दोषी आहे का ते कळेल. तरीही नाही पेटला तर बीसीएमच्या पिनेवर मोजा. पिनेवर व्होल्टेज येतंय आणि दिव्यापर्यंत पोहोचत नाही, तर मधली वायर. लोड एलईडीचा असेल तर २१ वॅटचा बल्ब लावू नका. ते आउटपुट कमी करंटचं असू शकतं, तिथे टेस्ट लॅम्पही एलईडीचाच वापरा.

सावधान: अनेक दिवे आणि मोटर बीसीएम पल्स देऊन चालवतं. निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद असलेलं आउटपुट साध्या मीटरवर सुमारे ६ व्होल्ट दाखवतं. तो बिघाड नाही. तसंच बंद दिव्याचा बल्ब शाबूत आहे का हे बघायला काही गाड्या बारीक पल्स पाठवतात, त्यामुळे बाहेरून बसवलेले एलईडी बल्ब मिणमिणतात. आधी मूळ वॅटचा बल्ब लावा, मग तक्रार बघा.

बीसीएमकडे जाणाऱ्या कोणत्याही वायरीला बाहेरून थेट १२ व्होल्ट देऊ नका. बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या किंवा नेटवर्कच्या वायरींवर लावू नका. तो ओढतो तेवढा करंट तिथली सर्किटं सहन करू शकत नाहीत.

टप्पा ८: कॅन आणि लिन

हा टप्पा फक्त स्कॅनर बीसीएमशी बोलत नसेल किंवा यू कोड पुसूनही परत येत असतील, तरच घ्या.

आधी रोध. बॅटरी काढा आणि ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजा. सुमारे ६० ओहम यायला हवेत, कारण वायरीच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर जोडलेले असतात. १२० आले तर एका टोकापर्यंतची वायर तुटली आहे. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र बऱ्याच गाड्यांत सॉकेट आणि बॉडीचं नेटवर्क यांच्यामध्ये गेटवे (दोन नेटवर्क जोडणारं मॉड्यूल) असतो. मग सॉकेटवरचे ६० ओहम बीसीएमच्या कॅनबद्दल काहीच सांगत नाहीत, आणि मोजमाप बीसीएमच्या कपलरवरच घ्यावं लागतं. कमी वेगाच्या जुन्या प्रकारच्या कॅनला ६० ओहमचा नियमही लागू नाही. आपल्या गाडीत कोणता आहे ते डायग्राममध्ये बघा.

नंतर बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून व्होल्टेज मोजा. साध्या मीटरवर कॅन-हाय २.५ च्या थोडं वर आणि कॅन-लो २.५ च्या थोडं खाली दिसतं. दोन्हींची बेरीज साधारण ५ येते. एखादी वायर ० किंवा १२ व्होल्टवर अडकली असेल, तर एकेक मॉड्यूलचा कपलर काढत बघा. काढताना इग्निशन बंद ठेवा. ज्याचा कपलर काढल्यावर व्होल्टेज सुधारतं, त्या मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या वायरीत दोष आहे.

लिन ही एकच वायर असते आणि निवांत असताना तिच्यावर जवळजवळ बॅटरीइतकं व्होल्टेज असतं. रेन सेन्सर, काचेच्या स्विचांचा पॅनल अशा वस्तू तिच्यावर टांगलेल्या असतात. त्यातली एक शॉर्ट झाली की सगळ्याच गप्प होतात, आणि दोष बीसीएमच्या माथी येतो. इथेही उपाय तोच, एकेक कपलर सोडवायचा.

टप्पा ९: बॅटरी उतरत असेल तर

गाडी पूर्ण झोपल्यावर ओढला जाणारा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. झोपायला काही गाड्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात, काहींना तासभरही. दार उघडं ठेवून मोजायचं असेल तर लॉकचा लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणा, बॉनेटचंही तसंच करा. रिमोट किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि ओबीडी सॉकेटला लावलेलं सगळं काढा. सॉकेटमध्ये कायम खोचलेला ट्रॅकर किंवा रीडर गाडीला जागं ठेवतो.

फ्यूज एकेक करून काढत बसू नका. फ्यूज काढ-घाल केली की झोपलेली मॉड्यूल जागी होतात आणि मोजमाप पहिल्यापासून करावं लागतं. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमध्ये मोजा. जिथे आकडा दिसतो, त्या फ्यूजमधून करंट वाहतोय. मीटर बॅटरीशी सिरीजमध्ये लावला असेल तर स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

बीसीएम झोपत नसेल तर त्याला कोण उठवतंय ते लाइव्ह डेटात बघा. बहुतेक वेळा दाराचा स्विच, अडकलेलं बटण किंवा बाहेरून बसवलेली वस्तू सापडते.

टप्पा १०: बीसीएम खरोखर बदलायचं तेव्हा

मॉड्यूल दोषी ठरवायला हे सगळं एकत्र हवं: लोडखाली सर्व सप्लाय आणि अर्थ ठीक, नेटवर्क ठीक, इनपुट पिनेपर्यंत बरोबर पोहोचतंय, आणि तरीही लाइव्ह डेटात ते दिसत नाही किंवा हुकूम देऊनही आउटपुटच्या पिनेवर व्होल्टेज येत नाही. आउटपुटचा दोष असेल तर आणखी एक पायरी चुकवू नका. त्या वायरीला शॉर्ट नाही आणि मोटर ठरल्यापेक्षा जास्त करंट ओढत नाही, हे तपासा. ज्या शॉर्टने जुन्या मॉड्यूलचं आउटपुट जाळलं, तोच नव्याचंही जाळेल.

जुनं मॉड्यूल बोलत असेल तर काढण्याआधी त्याचं कोडिंग स्कॅनरमधून साठवून घ्या. नव्याचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दुसऱ्या गाडीतलं वापरलेलं मॉड्यूल स्वस्त पडतं, पण बऱ्याच गाड्यांत ते मूळ गाडीच्या चासी नंबरला बांधलेलं असतं. इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) बीसीएममध्येच असेल, तर किल्ल्या नव्याने जोडल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. त्यामुळे घेण्याआधी ते आपल्या गाडीत कोड होईल का हे विचारा, आणि गाडीच्या सगळ्या किल्ल्या कामाच्या दिवशी हजर ठेवा.

बॅटरी काढूनच मॉड्यूल बदला आणि ते हातात घेण्याआधी बॉडीच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय जोडलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवं कोरं मॉड्यूल अर्धवट लिहिलेल्या सॉफ्टवेअरसह बंद पडतं.

बसवून झाल्यावर सगळी मॉड्यूल पुन्हा स्कॅन करा. मग प्रत्येक दिवा, वायपरची प्रत्येक गती, चारही काचा, लॉक, हॉर्न, दोन्ही किल्ल्यांचे रिमोट असं एकेक चालवून बघा. काचांची वन-टच (एकदा दाबून पूर्ण उघड-बंद होण्याची) सवय बॅटरी काढल्यामुळे पुसली गेली असेल, ती मॅन्युअलप्रमाणे पुन्हा शिकवा. गाडी झोपू द्या आणि करंट परत मोजा. जुनं मॉड्यूल लगेच परत करू नका किंवा टाकून देऊ नका. तक्रार ज्या परिस्थितीत येत होती, पाऊस असो, खड्डे असोत की रात्रभर उभी गाडी, त्या परिस्थितीतून गाडी एकदा जाईपर्यंत ते नाव घालून बाजूला ठेवा.